सबटायटल आधी बंद कर

इंग्रजीच्या परीक्षेसाठी ऐकण्याचा सराव करताना सबटायटल लावून ऐकणं म्हणजे वाचनच. दोन मिनिटांची क्लिप घे आणि तीनदा ऐक. पहिल्यांदा पेन खाली ठेवून फक्त विषय पकड, दुसऱ्यांदा प्रश्नांची उत्तरं लिही, तिसऱ्यांदा लिखित मजकूर समोर ठेवून चुकलेल्या जागी थांब. खरा अभ्यास तिथेच होतो. शब्द माहीतच नव्हता, की माहीत असून कानाला कळला नाही, हे लिहून ठेव. बहुतेकदा कानाला न कळणंच निघतं, कारण ‘नॉट अ‍ॅट ऑल’ बोलताना ‘नॉटॅटॉल’ होतं. ‘फिफ्टीन’मध्ये जोर शेवटी, ‘फिफ्टी’मध्ये सुरुवातीला. पेपरातला नेहमीचा सापळा: ‘अ‍ॅट सिक्स... नो, हाफ पास्ट सिक्स’. पहिला आकडा ऐकताच लिहून मोकळं झालं, की गुण गेला.

वाचनाच्या उताऱ्यात आधी प्रश्न वाच, ‘नॉट’ आणि ‘एक्सेप्ट’ला गोल कर. प्रश्नात ‘चीप’ असेल तर उताऱ्यात ‘लो प्राइस’ शोध. तोच शब्द दिसला म्हणून ते वाक्य उतरवू नकोस, अनेकदा ते चकवायलाच ठेवलेलं असतं. अडलेला शब्द? पुढचं वाक्य वाच. डिक्शनरी सराव संपल्यावर.