पुण्यात जुना फ्लॅट भाड्याने घेतलाय. बाथरूममध्ये गॅस गिझर, बेडरूममध्ये जुना एसी आणि घरात दोन वर्षांचं मूल. काय काळजी घ्यावी?

तुम्ही गिझर आणि एसी एकाच ओळीत मोजलेत. माझं म्हणणं, आधी काळजी गिझरची. एसी बिघडला तर फार तर घाम येतो आणि वीजबिल वाढतं. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणूस जातो.

आमच्याकडे थोडक्यात निभावलं. तेव्हा आम्ही कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि भाचा कॉलेजसाठी आमच्याकडे होता. डिसेंबर सुरू झाला, पहाटे बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांमधून गार वारं यायला लागलं. मग मीच जुन्या पेपरच्या घड्या करून त्या फटींमध्ये खुपसल्या आणि वरून चिकटपट्टी लावली. दोन दिवस तो म्हणत होता, "मामी, अंघोळ झाली की डोकं जड होतं." मी म्हटलं, रात्री दोनपर्यंत मोबाइल बघितलास तर आणखी काय होणार?

तिसऱ्या दिवशी बादली भरून वाहतेय तरी नळ बंद होईना. हाका मारल्या, आतून काही नाही. ह्यांनी खांद्याने दार ढकललं. कडी जुनी होती म्हणून उखडली, नाहीतर काय झालं असतं देव जाणे. तो भिंतीला टेकून बसलेला, डोळे अर्धवट उघडे. ओढत गॅलरीत आणला, गिझरचा गॅस बंद केला, १०८ ला फोन केला. दवाखान्यात बोटाच्या क्लिपवर ऑक्सिजन ९८ दिसत होता, त्यामुळे पहिली दहा मिनिटं सगळे निवांत. मग एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी गिझर कुठला?" तिथून चक्रं हलली. रक्त तपासलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला, संध्याकाळी पोरगा नीट बोलायला लागला.

नंतर कळलं ते असं. गिझरची ज्योत खोलीतलाच ऑक्सिजन खाते. तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडर गळला की येतो तो उग्र वास कंपनीने मुद्दाम मिसळलेला असतो. जळून झालेल्या वायूला तो उरत नाही. म्हणून 'वास आला तर कळेलच की' हा भरवसा इथे कामाचा नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो, आणि बोटावरच्या साध्या क्लिपला दोघांतला फरक ओळखता येत नाही. काही जणांना बाथरूममध्ये फिट येते आणि घरचे मेंदूच्या डॉक्टरांकडे खेटे घालत बसतात. कधी वेळ आलीच, तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगा: घरी गॅस गिझर आहे.

यावर खरा उपाय एकच, गिझर बाथरूमच्या बाहेर काढणं. तुमच्याकडे उघडी ड्राय बाल्कनी असेल तर तिथे बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्या. पण बाल्कनीला सरकत्या काचा लावून ती बंद केलेली असेल तर तीही बाथरूमच समजा. तोवर आमच्या शेजारच्या काकू करायच्या तसं करा: दार सताड उघडं ठेवून बादल्या भरायच्या, गिझर बंद करायचा, पाच-दहा मिनिटं थांबून मग आत जायचं. गिझर चालू ठेवून शॉवर अजिबात नको, मुलाला घेऊन तर नकोच. झरोक्यात काही कोंबलेलं असेल तर आजच काढा. थंडी वाजेल, वाजू दे.

ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा वर काजळी धरली तर गिझर वापरायचा नाही, मेकॅनिक बोलवायचा. रबरी नळीवर तारीख छापलेली असते. गॅस कंपनीची 'सुरक्षा' नळी पाच वर्षांनी बदलायची. भाड्याच्या घरात ती किती जुनी आहे हे कुणालाच माहीत नसतं, तेव्हा नवीच घ्या. सोसायटीत मधल्या काळात पाइपचा गॅस आला असेल तर गिझर त्यासाठी बदलून घेतलाय का, हे मालकांना विचारा. सिलिंडरच्या गॅसचा जेट (ज्या बारीक भोकातून गॅस ज्योतीकडे येतो ते) पाइपच्या गॅसला चालत नाही.

मालक विजेचा गिझर लावून द्यायला तयार झाले तर उत्तम, पण त्याच्याही खोड्या आहेत. १५ लिटरचा गिझर साधारण २ किलोवॅटचा असतो, त्याला १६ अँपिअरचा पॉइंट आणि खरंखुरं अर्थिंग लागतं. जुन्या इमारतींत तीन भोकांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते! वायरमनकडून तपासून घ्या. मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने कॉइलवर क्षारांचा थर चढतो, त्यामुळे दोनेक वर्षांनी टाकी उघडून साफ करावी लागते. आणि गिझरच्या प्रेशर व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळतं म्हणून तो बुजवून देणारा प्लंबर भेटला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. वाढलेला दाब बाहेर पडायची ती वाट आहे.

आता एसी. लोकांना वाटतं एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो. घरगुती स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो. रात्रभर दार-खिडक्या बंद असतील तर सकाळी उठल्याबरोबर खिडकी उघडा. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी एसीच्या फिल्टरची जाळी काढून नळाखाली धुवा. शेजारी बांधकाम चालू असेल, आणि पुण्यात ते कुठे नसतं, तर आठवड्याला. ओली जाळी लगेच लावू नका, बुरशीचा वास येतो. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात. तुमचा जुना असेल तर तेवढ्यावर स्वतः ठेवा, आणि झोत मुलाच्या अंगावर येऊ देऊ नका.

दरवर्षी "गॅस कमी झालाय, भरावा लागेल" म्हणणाऱ्याला विचारा, गेला कुठे? एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती आधी शोधायची, मग भरायचा. युनिटच्या पट्टीवर आर-३२ किंवा आर-२९० लिहिलं असेल तर तो गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे तिथे येऱ्यागबाळ्याला हात लावू देऊ नका.

बाहेरचं युनिट एकदा वाकून बघा. आमच्या युनिटमागे पारव्यांनी काड्या, पिसं आणि विटेसारखी घट्ट विष्ठा जमवली होती. ती वाळून तिची धूळ खिडकीतून आत येते आणि फुप्फुसांना सूज आणू शकते. कोरडी झाडू नका. मास्क लावून, पाणी मारून, ओली करून काढा आणि मग पारवे पुन्हा येऊ नयेत म्हणून तिथे जाळी बसवा. एसीचं पाणी बादलीत पडत असेल तर ती रोज रिकामी करा, डेंग्यूच्या डासाला तेवढं पाणी पुरतं.

मालक गिझर हलवायला नाही म्हणाले तर वाद घालत बसू नका. रेग्युलेटर काढून ठेवा आणि पाणी स्वयंपाकघरात पातेल्यात तापवा. फक्त ते उचलून नेताना मूल दुसऱ्या खोलीत कुणाच्या तरी कडेवर असू दे.