परदेशी बॉटची गर्दी आणि जाहिरातींवरचे क्लिक

प्रश्न : माझी मराठी पाककृतींची वेबसाइट आहे, त्यावर गूगल ॲडसेन्सच्या जाहिराती आहेत. अलीकडे गूगल ॲनालिटिक्समध्ये चीन आणि सिंगापूरचे व्हिजिटर एकदम वाढलेत, जाहिरातींवरचे क्लिकही. खातं बंद होईल अशी भीती वाटते. भारताबाहेरचे सगळे देश ब्लॉक करू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : सगळे देश मुळीच ब्लॉक करू नका. गूगलबॉट (सर्चसाठी पानं वाचणारा गूगलचा प्रोग्रॅम) बहुतांशी अमेरिकेतल्या आयपी पत्त्यांवरून येतो. अमेरिका बंद केलीत तर तुमची पानं सर्चमधून गळायला लागतील. शिवाय न्यू जर्सीत किंवा दुबईत बसून पुरणपोळीची कृती शोधणारी मराठी माणसं तुमचे हक्काचे वाचक आहेत, ती हातची जातील.

आधी ही गर्दी साइटपर्यंत पोचते का, ते तपासा. ॲनालिटिक्समध्ये देश, सोर्स आणि एंगेजमेंट टाइम एकत्र पाहा. सोर्स 'डायरेक्ट' आणि वेळ जेमतेम सेकंदभर असेल तर बॉटचा, म्हणजे आपोआप पानं उघडणाऱ्या प्रोग्रॅमचा, दाट संशय घ्या. मग त्याच तासाचा होस्टिंगचा ॲक्सेस लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोण आलं याची नोंद, उघडा (साइटपुढे सीडीएन, म्हणजे पानांच्या प्रती पुरवणारी मधली सेवा, असेल तर त्याच्याकडची नोंदही). तिथे या रिक्वेस्ट दिसल्याच नाहीत, तर कुणीतरी तुमचा मेजरमेंट आयडी (ॲनालिटिक्समधला तुमच्या साइटचा क्रमांक) वापरून थेट गूगलकडे खोटे हिट पाठवतंय. तिथे फायरवॉलचा (साइटपुढे नको ती रहदारी अडवणाऱ्या व्यवस्थेचा) काही उपयोग नाही; रिपोर्ट पाहताना ते देश वगळा.

लॉगमध्ये त्या दिसल्या तर क्लाउडफ्लेअर या साइटपुढे राहून रहदारी गाळणाऱ्या सेवेचा फुकट प्लॅन पुरतो. कस्टम रूल असा करा : देश चीन किंवा सिंगापूर, आणि 'नोन बॉट्स' (गूगलबॉटसारखे ओळखीचे बॉट) नाही, कृती 'मॅनेज्ड चॅलेंज' (माणूस आहे की बॉट याची तपासणी). 'ब्लॉक' निवडलंत तर खरा माणूसही अडकतो. चॅलेंज तो पार करतो. पान उघडण्याआधीच बॉट अडल्यामुळे जाहिरात लोडच होत नाही, आणि इथे खरा फायदा तोच आहे. क्लाउडफ्लेअरच्या डीएनएस (साइटचं नाव सर्व्हरशी जोडणाऱ्या नोंदी) पानावर ढगाचं चिन्ह नारिंगी हवं, नाहीतर रूल लागू होत नाही. तरीही बॉट येत राहिले तर त्यांना सर्व्हरचा मूळ आयपी ठाऊक असावा. होस्टिंगवाल्याला सांगून फक्त क्लाउडफ्लेअरच्या आयपींना प्रवेश ठेवा. बॉटना कुठे येऊ नये ते सांगणाऱ्या रोबोट्स टीएक्सटी फाइलवर विसंबू नका. असले बॉट ती फाइल पाळत नाहीत.

क्लिकचं म्हणाल तर ॲडसेन्सचा देशनिहाय रिपोर्ट काढा. एखाद्या देशाचा सीटीआर (जाहिरात दिसल्यावर क्लिक होण्याचं प्रमाण) अचानक चढला असेल, तर तारखा आणि आयपी लिहून अवैध क्लिक कळवण्याचा गूगलचा फॉर्म लगेच भरा. असे क्लिक गूगल कमाईतून वजा करतं, त्यामुळे आकडा घटला तर घाबरू नका. रूल नीट चालतोय याची खात्री होईपर्यंत ऑटो ॲड्स (गूगल आपोआप लावतं त्या जाहिराती) बंद ठेवलेल्या बऱ्या. आणि गूगलने तुमच्या साइटवरच्या जाहिरातींवर मर्यादा घातलीच, तर दुसरं खातं उघडू नका. एका व्यक्तीला एकच खातं चालतं.