एडीसीमधलं (कॅन्सरच्या पेशीला चिकटणाऱ्या अँटिबॉडीला विष जोडून केलेल्या औषधामधलं) विष इतकं जहाल असतं, तर ते सरळ औषध म्हणून का देत नाहीत? एमएससीनंतर अशा लॅबची ऑफर आली आहे, घेऊ का?

सरळ देऊन झालंय, म्हणूनच देत नाहीत. इथिओपियातल्या झुडपातून निघालेलं मेटॅन्सिन १९७०च्या दशकात रुग्णांना नुसतं देऊन पाहिलं. गाठीच्या आधी माणूसच आडवा व्हायला लागला. हिंदी महासागरातल्या समुद्री गोगलगायीतून आलेल्या डोलास्टॅटिन १० चीही चाचण्यांत डाळ शिजली नाही. मग डोलास्टॅटिनच्या धर्तीवरचं एमएमएई २०११ मध्ये ब्रेंटुक्सिमॅब या अँटिबॉडीला जोडून बाजारात आलं आणि मेटॅन्सिनच्या कुळातलं डीएम१ २०१३ मध्ये ट्रास्टुझुमॅब या अँटिबॉडीला जोडून. एका अँटिबॉडीवर साधारण चारच रेणू बसतात, त्यातले पेशीत पोचणार थोडे, म्हणून ते जहालच लागतात. ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान या दुसऱ्या एडीसीमधला विषाचा रेणू, डीएक्सडी, तुलनेने मवाळ, म्हणून तिथे आठ बसवतात. तो कॅम्प्टोथेसिनच्या घराण्यातला. कॅम्प्टोथेसिन शोधणाऱ्या जोडीतले मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे, आणि त्याच रसायनापायी सह्याद्रीत नरक्याची झाडं चोरून तोडली जातात. असो.

आता नोकरी. माझ्या आधीच्या कंपनीत आयसोलेटरचे (बाहेरून ग्लव्हजमध्ये हात घालून काम करायच्या बंद पेटीचे) ग्लव्हज लीक टेस्टला नापास झाले आणि बॅच तर अडलेली. सर म्हणाले, फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या, समोरून उघड्या कपाटात) वजन कर, पाच मिलिग्रॅम तर एमएमएई आहे. मी नाही म्हटलं. "चाटणार आहेस का?" अहो, चाटायला कशाला हवं? असली कोरडी पावडर स्थिर विजेने स्पॅट्युलाला चिकटते, बाटलीच्या तोंडावरून उडते, वजनकाट्याच्या काचेला आतून जाऊन बसते. हे झाले दिसणारे कण. काम करणाऱ्याच्या श्वासात जाऊ द्यायची अशा पदार्थांची मर्यादा एका घनमीटर हवेत एक मायक्रोग्रॅमच्याही खाली असते आणि पाच मिलिग्रॅम म्हणजे पाच हजार मायक्रोग्रॅम. हा हिशोब मी त्यांना तिथेच कागदावर करून दाखवला. पुढच्या मीटिंगमध्ये सर सगळ्यांसमोर म्हणाले, मुलींना हे काम देऊ नये, घाबरतात. त्या वर्षी माझं रेटिंगही घसरलं. ग्लव्हज बदलल्यावर ते वजन मीच केलं, हे मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

तेव्हा ऑफर घ्या, पण डोळे उघडे ठेवून. कोरडी पावडर वारंवार हाताळायला लावतात की बाटलीतच सॉल्व्हंट घालून विरघळवून घेतात, हे विचारा. सॉल्व्हंट डीएमएसओ असेल तर धूळ थांबते, पण ते कातडीतून आत शिरतं आणि विषालाही सोबत नेतं, म्हणून दुहेरी ग्लव्हज आणि थेंब पडला की लगेच बदल. बाकांवर विष सांडलंय का हे तपासायला स्वॅब (पुसून घेतलेले नमुने) कोण घेतं, निकाल तुम्हाला दाखवतात का, हेही विचारा.

आणि हो, "विष फक्त गाठीतच जातं" असं कुणी म्हटलं तर मान डोलवू नका. एमएमएईने रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात, डेरक्स्टेकानने काहींची फुप्फुसं सुजतात. तरीही ही औषधं कामाची आहेत, आणि नीट चालवलेल्या लॅबमध्ये मी आजही हेच काम करते. सगळ्या कंपन्या तशा नसतात.

इंटरव्ह्यूत लॅब दाखवा म्हणा आणि आयसोलेटरच्या ग्लव्हजची शेवटची लीक टेस्ट कधी झाली ते विचारा. तारीख सांगितली तर पगाराचं बोला. "तुम्ही मुली फार प्रश्न विचारता" असं उत्तर आलं, तर समोर बहुतेक आमचेच सर बसलेत.