एवढं शिकून टाक्याच धुवायच्या?

प्रश्न : प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले आहे. स्कॅलॉप शिंपल्यांच्या हॅचरीत (बीज तयार करण्याच्या केंद्रात), ब्रूडस्टॉक म्हणजे प्रजननासाठी ठेवलेल्या पालक-शिंपल्यांच्या विभागात वर्षभराचं प्रशिक्षण मिळतंय. शिंपल्यांना शैवाल घालणं, टाक्या धुणं, तापमान टिपणं हे काम. आईबाबा म्हणतात, एवढं शिकून हे करायचं? काय करू?

उत्तर : जा. अंड्यांतून निघालेल्या शिंपल्यांच्या अळ्या पुढे किती जगतील, याचा बराचसा निकाल याच टाक्यांमध्ये लागतो.

शिंपले मोसमाआधी पिकवायचे, म्हणजे प्रजननाला तयार करायचे, तर पाणी हळूहळू, काही आठवडे घेऊन कोमट करत न्यावं लागतं, प्रकाशाचे तास वाढवावे लागतात आणि खाणं भरपूर लागतं. रोजचं शैवाल, सुक्या वजनात मोजलं तर, त्यांच्या मांसाच्या सुक्या वजनाच्या साधारण ३ ते ६ टक्के. तेही एकाच जातीचं नाही. आयसोक्रायसिस या सूक्ष्म शैवालासोबत कीटोसेरॉससारखे डायटम (सिलिकाचं कवच असलेली सूक्ष्म शैवालं) हवेत. पाण्याला अचानक झटका बसला, तर अंडी अवेळी सुटतात. उपासमार झाली, तर तयार होत आलेली अंडी शिंपला स्वतःच शोषून घेतो. म्हणून ती तापमानाची वही फार मोलाची.

नजर तयार कर. युरोपातल्या किंग स्कॅलॉपमध्ये नर आणि मादी एकाच देहात असतात. जिभेसारख्या जननग्रंथीचं टोक नारिंगी, ते अंडाशय. मुळाकडचा दुधी भाग वृषण. कच्ची ग्रंथी पातळ, पाणचट दिसते, आतून गेलेलं आतडं दिसतं. ती भरली की आतडं झाकलं जातं. सोडताना बहुधा आधी शुक्राणू, मग अंडी. शुक्राणूंवरून अंड्यांकडे पालट होताच प्राणी वेगळ्या भांड्यात हलवायचा, नाहीतर स्वफलन होऊन संतती कमकुवत निघते. हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही.

वंशावळीची नोंदही शीक. १९८२ मध्ये अमेरिकेतून चीनला नेलेल्या बे स्कॅलॉपपैकी जे २६ जगले, त्यांच्यावर तिथली शेती उभी राहिली. इतक्या थोड्या पालकांतून पुढच्या पिढ्या काढताना जनुकीय विविधता टिकवणं किती अवघड, हे तुला एम.एस्सी.मुळे लवकर उमगेल.

आईबाबांना सांग, हेच कौशल्य कालवांच्या आणि इतर शिंपल्यांच्या हॅचरीतही चालतं. मात्र रात्रपाळी, सुट्टीच्या दिवशीचं काम आणि सतत ओले हात यांची तयारी ठेव.

होकार देण्याआधी दोन गोष्टी लेखी माग : शैवाल वाढवण्याच्या खोलीत काही महिने, आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंडी तपासायची संधी. दोन्ही नाकारल्या, तर मात्र दुसरी हॅचरी शोध.