'मुक्त ऊर्जा' कशातून मुक्त?

राजापूरच्या एका शिक्षिकाबाईंची शंका आहे. बारावीची मुलं 'अभिक्रियेत ऊर्जा मुक्त होते' हे वाक्य शाळेपासून ऐकत आलेली असतात. त्यामुळे पुढे 'मुक्त ऊर्जा' आली, की हीच ती बाहेर पडलेली उष्णता, असं ती धरून चालतात. हा घोळ कसा सोडवायचा? आणि एंथॅल्पीला 'एकूण उष्णता' म्हटलं तर चालेल का?

बाई, मुलांचं काही चुकलेलं नाही. 'मुक्त होणे' हे आपण 'सुटणे, बाहेर पडणे' या अर्थाला आधीच जुंपून ठेवलं आणि 'फ्री एनर्जी'साठी पुन्हा तोच शब्द घेतला. एका बैलाला दोन नांगर.

हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झचा, १८८२ सालचा. त्याने ऊर्जेचे दोन वाटे केले होते: एक मोकळी, दुसरी बांधलेली. मोकळी म्हणजे जिच्यातून काम करून घेता येतं ती. बांधलेली म्हणजे जी उष्णतेच्या खाती जाते, कामाला लावता येत नाही ती. ही जोडी आपल्याकडे येताना तुटली. 'बांधलेली' वाटेत राहिली आणि 'मुक्त' एकटीच आली. मग कशातून मुक्त, हे मुलांना कळणार कसं?

मी असतो तर वर्गात 'मोकळी' म्हटलं असतं. मोकळा वेळ, मोकळा हात यातला मोकळा. म्हणजे वापरायला हाताशी असलेला. आणि खोतीच्या काळातला खंड सांगितला असता. कुळाने भात कितीही पिकवलं तरी खोताचा खंड घातल्यावर कणगीत उरेल तेवढंच त्याचं. आता हे बघा: २ ग्रॅम हायड्रोजन २५ अंश सेल्सिअसला ऑक्सिजनशी संयोग पावून त्याचं पाणी झालं, की एंथॅल्पी (हिची फोड पुढे आहे; तूर्त नुसतं जाळलं तर मिळणारी उष्णता समजा) २८६ किलोजूलने उतरते. हे पीक. पण इंधनघट कितीही चांगला बनवला तरी त्यातून वीज मिळते ती जास्तीत जास्त २३७ किलोजूल. उरलेले ४९ उष्णता म्हणून द्यावेच लागतात. तो खंड. केल्विनमधलं तापमान गुणिले एंट्रॉपीतला, म्हणजे कण आणि ऊर्जा किती पांगली याच्या मापातला, बदल, असा तो मोजायचा; म्हणजे तापमान चढलं की खंडही चढतो. २३७ हा अमेरिकन शास्त्रज्ञ गिब्जच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोकळ्या ऊर्जेतला फरक.

उलटा प्रकारही घरात रोज घडतो. कैऱ्या खारवायला मीठ पाण्यात विरघळवताना तापमापी बुडवून बघा, पारा किंचित उतरतो. मीठ विरघळताना उष्णता घेतं: मोलला, म्हणजे साधारण ५८ ग्रॅम मिठाला, सुमारे ३.९ किलोजूल. बाहेर काहीच पडलं नाही, तरी मीठ आपखुशीने विरघळलं. कारण खडा फुटून कण पाण्यात पांगले, एंट्रॉपी वाढली आणि तिकडून सुमारे १२.९ किलोजूल जमेला आले. मोकळी ऊर्जा ९ ने उतरली. इथे खोतानेच कुळाला भात घातलं म्हणायचं! 'मुक्त म्हणजे बाहेर पडलेली' हा समज मोडायला एवढं एक भांडं पुरे.

आता एंथॅल्पी. 'एकूण उष्णता' नको. उष्णता ही देवघेव आहे. ती पदार्थात साठवून ठेवलेली नसते. एंथॅल्पी म्हणजे आतली ऊर्जा, अधिक दाब गुणिले आकारमान. ही दुसरी बेरीज कशाला, ते मोदकपात्रापाशी कळतं. १०० अंशाच्या १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला २२५७ जूल लागतात. त्यातले १७० च्या आसपास नुसते जागा करून घेण्यात जातात. एका ग्रॅमची वाफ जवळपास १.७ लिटर होते, आणि तेवढी हवा तिला मागे रेटावी लागते. चतुर्थीच्या एसटीत शिरणाऱ्याला आधी कोपराने जागा करावी लागते, तसंच. उघड्या भांड्यात, म्हणजे दाब कायम असताना, आपण जी उष्णता मोजतो ती या दोन्हींची मिळून असते. म्हणून ही राशी सोयीची.

शब्द ग्रीक 'थाल्पेइन'पासून, म्हणजे ऊब देणे. तो रूढ करण्याचं श्रेय डच शास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांना देतात. (आपल्या 'घाम'शी नातं शोधू नका. ते 'थर्मो'चं, 'गरम'ही त्याच गोतावळ्यातला.) एंथॅल्पीला मराठी प्रतिशब्द घडवायच्या फंदात मी पडणार नाही. ज्या शब्दात 'उष्णता' येईल तो पुन्हा त्याच खड्ड्यात नेईल. एंथॅल्पी तशीच राहू द्या.

आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तर 'फ्री' काढून नुसतं 'गिब्ज ऊर्जा' म्हणायची शिफारस केलेली आहे. फळ्यावर तेच लिहा, तोंडाने 'मोकळी' म्हणा. उत्तरपत्रिकेत मात्र मुलांना पुस्तकातलंच 'मुक्त' लिहू दे. तपासणाऱ्याच्या हाती खोताची वही नसते.