रात्री साडेअकराचा मेसेज

प्रिय मित्रा,

तुझी मेल दोनदा वाचली. टीम लीड होऊन तीन महिने झाले, माणसं चांगली आहेत, त्यांना कामही येतं, पण मीटिंगमध्ये कोणी तोंड उघडत नाही, अशी तुझी तक्रार. "कोणाला काही अडचण?" असं विचारलं की सगळे लॅपटॉपकडे बघायला लागतात. मग टीमचं कल्चर सुधारायचं कसं, दर शुक्रवारी एखादा खेळ ठेवू का, मूल्यांचं पोस्टर करून भिंतीवर लावू का, असं तू विचारलं आहेस.

या सगळ्यात एक ओळ तू जाता जाता लिहून गेलास. टीममधल्या सर्वांत नव्या मुलीने एकदा रात्री साडेअकराला मेसेज केला होता की टेस्टिंगची तारीख गाठणं कठीण वाटतंय. तू "उद्या बोलू" असं उत्तर दिलंस आणि मग ते राहून गेलं. त्याला आता आठवडा झाला. माझ्या दृष्टीने तुझ्या अख्ख्या मेलमध्ये महत्त्वाची ओळ हीच.

ती मुलगी त्या मेसेजपर्यंत कशी पोहोचली असेल, बघ. सकाळच्या मीटिंगमध्ये तिला हे माहीत असणारच. तू विचारलंस तेव्हा तिने आजूबाजूला पाहिलं असेल. आठ-आठ वर्षं काम केलेली माणसं गप्प आहेत, म्हणजे आपलंच काहीतरी चुकत असणार, असं तिला वाटलं असेल. मग दिवसभर आकडे पुन्हा पुन्हा जुळवून पाहिले असतील. मेसेज लिहून एक-दोनदा खोडला असेल. इतक्या रात्री वरिष्ठाला कोणी सहज मेसेज करत नाही. आणि शब्द बघ: "जमणार नाही" असं तिने लिहिलं नाही, "कठीण वाटतंय" असं लिहिलं. तू रागावलास तर मागे सरकायला तेवढी वाट तिने ठेवली होती.

गप्प बसलेला माणूस बहुतेक वेळा हिशेब करून गप्प बसलेला असतो. न बोलण्याचा तोटा सगळ्यांत वाटला जातो, बोलण्याचा मात्र एकट्याच्या माथी येतो. हा हिशेब तू येण्याआधीच, तुझ्या आधीच्या लीडच्या काळात होऊन गेलेला असू शकतो. तुझा त्यात दोष नाही, पण तो बदलायचं काम आता तुझं आहे. आणि "मोकळेपणाने बोला" असं शंभरदा सांगून तो बदलत नाही. पहिला कोणीतरी बोलतो, आणि त्याचं पुढे काय होतं ते बाकीचे बघतात. तुझ्या टीममध्ये पहिली ती बोलली.

हे मी ठामपणे सांगते, कारण एकदा माझ्या हातून याच्या उलट घडलं. तू माझ्या टीममध्ये आलास त्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. एका क्लायंटचं रिलीज, म्हणजे नवी सिस्टिम सुरू होणं, सोमवारी होतं आणि आमचा स्टेटस रिपोर्ट सलग सात आठवडे हिरवा होता, म्हणजे सगळं ठीक चाललंय असं दाखवत होता (अडचण असेल तर पिवळा, मोठी असेल तर लाल). गुरुवारी संध्याकाळी एक ज्युनिअर मुलगा माझ्या टेबलाशी आला. उघडा लॅपटॉप तळहातावर तोलून धरला होता. जुन्या सिस्टिममधल्या नोंदी आणि नव्यातल्या नोंदी यांचा आकडा जुळत नाही, असं तो म्हणाला. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "हे आत्ता सांगतोयस?"

आवाज चढवला नव्हता. पुढे एक शब्दही बोलले नाही. तो "सॉरी मॅडम" म्हणाला आणि त्याने लॅपटॉप मिटला. शेजारच्या टेबलांवरचे टायपिंगचे आवाज थांबले होते, ते मला आजही आठवतं. रात्री जागून आम्ही ते दुरुस्त केलं, रिलीज वेळेवर गेलं, आणि माझ्या लेखी विषय संपला.

पुढचे चार महिने माझ्या टेबलाशी काही घेऊन कोणी आलं नाही. रिपोर्ट हिरवेच होते. नंतरच्या रिलीजमध्ये एक चूक थेट क्लायंटने पकडली. चौकशी केली तेव्हा कळलं की आमच्यातल्या तिघांना ती दोन आठवड्यांपासून माहीत होती. का नाही सांगितलं, असं विचारल्यावर त्यातला एक जण खाली बघत म्हणाला, "तुम्हाला त्रास होईल असं वाटलं." उशिरा सांगितलं म्हणून मी त्या मुलाला टोकलं होतं. टीमने त्यातून 'लवकर सांगावं' हे घेतलं नाही, 'सांगू नये' हे घेतलं.

यावर एक अभ्यास आहे, तो तुला उपयोगी पडेल. एमी एडमंडसन या आज हार्वर्डमध्ये प्राध्यापक आहेत. पीएच.डी. करत असताना रुग्णालयांमधल्या औषध देण्यातल्या चुका त्या तपासत होत्या. ज्या विभागांत माणसांचं एकमेकांशी चांगलं जमतं आणि प्रमुख चांगला आहे, तिथे चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे आले ते उलटे. चांगल्या टीममध्ये चुका जास्त दिसत होत्या. चांगल्या टीम जास्त चुका कशा करतील? खोलात गेल्यावर लक्षात आलं, की त्या चुका जास्त करत नव्हत्या, बोलून दाखवत जास्त होत्या. बाकीच्या ठिकाणी चुकांवर पांघरूण पडत होतं. हा अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. 1999 मध्ये त्यांनी 'मानसिक सुरक्षितता', म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवली तरी टीममध्ये आपल्याला त्रास होणार नाही हा विश्वास, या कल्पनेवरचा निबंध लिहिला आणि पुढे तो शब्द सगळ्या ऑफिसांमध्ये पोहोचला.

यातली एक गोष्ट तुझ्यासाठी फार कामाची आहे. तू नीट वागायला लागलास की तुझ्याकडे वाईट बातम्या वाढतील. पहिले काही आठवडे तुझे रिपोर्ट आधीपेक्षा लाल दिसतील आणि तुझ्या मॅनेजरला वाटेल की टीम बिघडली. असं होणार आहे, हे त्याला आधीच सांगून ठेव. बरेच नवे लीड नेमके याच टप्प्यावर घाबरतात आणि पुन्हा हिरवा रंग मागायला लागतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. वाईट बातमी आली की पहिलं वाक्य ठरवून ठेव. माझं आहे, "बरं झालं सांगितलंस, दाखव." ते पाठ करून ठेव, कारण त्या क्षणी तू थकलेला असशील, घाईत असशील, आणि तोंडून निघेल ते सवयीचंच निघेल. 'आधी का नाही सांगितलं' हा प्रश्न रास्त आहे, पण तो दोन दिवसांनी विचार, एकट्याला गाठून, आणि खरंच उत्तर हवं असेल तरच. दुसरं, सांगणाऱ्याला पुढे काय झालं ते कळव. तू त्याचं म्हणणं मान्य केलं नसलंस तरी कळव, कारणासकट. तुझ्यासारखे भले लोक इथेच कमी पडतात. ते रागावत नाहीत, ऐकून घेतात, आणि मग काहीच होत नाही. सांगणाऱ्याच्या मनात रागावण्यात आणि विसरण्यात फारसा फरक उरत नाही.

मीटिंगमध्ये तुझं मत सर्वांत शेवटी मांड आणि सर्वांत नव्या माणसाला सर्वांत आधी बोलू दे. "काही अडचण?" हा प्रश्न सोडून दे, त्याचं सोपं उत्तर 'नाही' हेच असतं. त्याऐवजी गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने सुचवलेली एक पद्धत वापरून बघ. काम सुरू करतानाच टीमला सांगायचं: समजा सहा महिने उलटले आहेत आणि हे प्रोजेक्ट साफ फसलं आहे, का फसलं, ते प्रत्येकाने कागदावर लिहा. मग एकेकाने एकेक कारण वाचायचं. शंका काढणारा एरवी मोडता घालणारा ठरतो. इथे शंका काढणं हेच दिलेलं काम असतं, त्यामुळे जीभ सैल होते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एरवी होयबा वाटणाऱ्या माणसाने सात कारणं लिहिली होती आणि त्यातली दोन खरी ठरली.

आता तू म्हणशील, सगळ्यांना असं गोंजारत बसलो तर काम कधी होणार? हा प्रश्न बरोबर आहे, आणि यात खूप जण फसतात. चूक सांगायला भीती नसावी याचा अर्थ कामाचा दर्जा सैल असावा असा नाही. एखादा तीच ती चूक बेफिकीरपणे करत असेल, तर त्याला स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवं, नाहीतर नीट काम करणाऱ्यांवर तो अन्याय होतो. फरक कसा ओळखायचा? विमान-सुरक्षेच्या क्षेत्रात यासाठी एक कसोटी वापरतात: त्याच परिस्थितीत, तेवढंच शिकलेला दुसरा माणूस ठेवला असता, तर त्याच्याही हातून हे झालं असतं का? उत्तर 'हो' असेल, तर माणूस बदलून उपयोग नाही, कामाची पद्धत बदलायला हवी. कोणाला झापण्याआधी हा प्रश्न मनात विचारत जा. मला त्याने बऱ्याच वेळा थांबवलं आहे.

याहून अवघड भाग पुढे आहे. तू आता मध्ये उभा आहेस. खालून येणारी बातमी वर न्यायची, ती बोथट न करता. 27 जानेवारी 1986 च्या संध्याकाळी चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाच्या उड्डाणाआधी एक टेलिफोन कॉन्फरन्स झाली. रॉकेटच्या सांध्यांमधली रबरी सील थंडीत कडक होतात, 12 अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात उडवू नका, असं ती रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर सांगत होते. सुरुवातीला त्यांचे वरिष्ठही त्यांच्या बाजूने होते. नासाकडून नाराजी आली. कंपनीने विचार करायला पाच मिनिटं मागून घेतली, ती अर्ध्या तासाच्या आसपास लांबली. त्या वेळात इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला त्याच्या वरिष्ठाने सांगितलं, इंजिनिअरची टोपी उतरव आणि मॅनेजरची चढव. त्याने मत फिरवलं. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटलं आणि सात जण गेले.

मला त्या प्रमुखाचा विचार नेहमी येतो. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या माणसांनी त्याला सगळं सांगितलं होतं, पुराव्यासह, वेळेत. बातमी खालून वर आली होती, ती त्याच्यापाशी येऊन थांबली. तुझ्यावर इतक्या भयंकर निर्णयाची वेळ येणार नाही, पण वरिष्ठांसोबतची अशी खोली लहान प्रमाणात दर महिन्याला तुझ्यासमोर उभी राहील. "तारखेचं काय ते मॅनेज कर," असं कोणीतरी म्हणेल आणि लालचा पिवळा करणं फार सोपं वाटेल. तुझी टीम त्या खोलीत नसली तरी तिथे तू काय बोललास ते तिला दोन दिवसांत कळतं.

शुक्रवारचा खेळ ठेवायचा असेल तर ठेव, हसलं-खेळलं तर चांगलंच आहे. पोस्टरचं राहू दे.

उद्या सकाळी मात्र आधी त्या मुलीकडे जा. तिला केबिनमध्ये बोलावू नकोस, तूच तिच्या टेबलाशी जा. "तुझा मेसेज माझ्याकडून राहून गेला, ती माझी चूक. तारखेचं तुझं गणित मला दाखव," एवढं म्हण आणि खुर्ची ओढून बस. ती "नाही सर, तसं काही नाही" म्हणेल, तेव्हा उठू नकोस. गणित बरोबर निघालं, तर हा मुद्दा तिने काढला हे मीटिंगमध्ये सांगितलेलं चालेल का, ते तिला आधी विचार. आणि मग टेस्टिंगच्या तारखेला किती दिवस उरलेत आणि तू वर कोणाशी, कधी बोलणार आहेस, ते मला लिही.

तुझी,
जुनी टीम लीड