बाणाचे टोक आणि मनातले शल्य

प्रश्न : वर्गात महाभारतातील युद्धाचा पाठ शिकवत असताना एका मुलीने विचारले, "तलवारीला पाते असते, तसे बाणाच्या टोकाला काय म्हणतात?" मला 'टोक' याखेरीज दुसरा शब्द सुचला नाही. घरी कोश उघडला तेव्हा 'शल्य' हा शब्द मिळाला. पण शल्य आपण म्हणतो ते मनातल्या दुःखाला, आणि शल्यचिकित्सा म्हणतो ती रुग्णालयातल्या शस्त्रक्रियेला. हे सगळे शब्द एकच आहेत काय? असतील तर बाणाचे टोक मनात आणि रुग्णालयात कसे पोहोचले?

उत्तर : सर्वत्र शब्द एकच आहे, आणि आपल्या विद्यार्थिनीच्या साध्या प्रश्नातून मराठीतला एक फार जुना प्रवास उलगडतो, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आधी तिला द्यायचे उत्तर. बाणाच्या टोकाला मराठीत अणी म्हणता येईल. भाल्याची अणी, सुईची अणी हे प्रयोग आपल्या कानावर असतात आणि 'अणकुचीदार' या शब्दाच्या आरंभी हीच अणी आहे. 'बाणाचे फळ' हाही चांगला शब्द आहे. संस्कृतात 'फल' म्हणजे झाडाचे फळ, तसेच शस्त्राचे धातूचे पाते, आणि धनुर्वेदाच्या ग्रंथांत बाणाच्या फळांचे प्रकार नावानिशी दिलेले आहेत : आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक आणि काकतुंड. टोचणीसारखे, वस्तऱ्यासारखे, गाईच्या शेपटीसारखे, वासराच्या दातासारखे, कावळ्याच्या चोचीसारखे अशी ही नावे आहेत. ती नुसती वाचली तरी लोहाराच्या भात्यापुढे घडत असलेली पाती डोळ्यांसमोर येतात. यांतला 'भल्ल' हा शब्द 'भाला' या शब्दाच्या रूपाने आजही आपल्याबरोबर आहे. (नांगराच्या फाळाचे मूळ मात्र 'फाल' असे वेगळे रूप आहे.) पुरातत्त्वाच्या लेखनात उत्खननातल्या वस्तूंसाठी 'बाणाग्र' हा शब्द रूढ आहे. मुलीला यांपैकी अणी किंवा फळ सांगावे, असे मी सुचवीन.

आता शल्य. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील 75वे सूक्त शस्त्रांविषयी आहे. त्यात बाणाचे वर्णन करताना, तो पक्ष्याची पिसे पांघरतो आणि हरिण हा त्याचा दात आहे, असे म्हटले आहे. म्हणजे टोक हरणाच्या शिंगाचे आहे. त्याच सूक्तात पुढे विषाने माखलेल्या बाणाचा उल्लेख येतो, ज्याचे डोके हरणाचे आणि तोंड धातूचे आहे. दात, डोके, तोंड अशी प्राण्याच्या अवयवांची नावे तिथे बाणाला मिळाली आहेत. 'शल्य' हा शब्द बाणाच्या इतर भागांच्या बरोबरीने भेटतो तो अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात, विष उतरवण्याच्या एका सूक्तात. तिथे मंत्र म्हणणारा सांगतो की, शल्यातून मी विष बाहेर घालवले आहे, पिसे बसवतात त्या जागेतून घालवले आहे, आणि पाते दांड्याला जिथे जडते त्या मानेतूनही घालवले आहे. जखमी माणसाशेजारी बसून बाणाचा एकेक भाग नाव घेऊन तपासावा, तशी ही रचना आहे.

ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातील एक वाक्य मला या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे वाटते. देवांनी केलेल्या बाणाविषयी तिथे म्हटले आहे की, अग्नी हा त्याचे अनीक होता, सोम शल्य होता, विष्णू दांडा होता आणि वरुण पिसे होता. अनीक म्हणजे अगदी पुढचे टोक. याच शब्दाचा दुसरा अर्थ तोंड, आघाडी, आणि त्यावरून सैन्य. पण शल्य या अनीकापासून वेगळे सांगितले आहे, याकडे लक्ष द्यावे. टोकाचा बिंदू निराळा, आणि दांड्याच्या पुढे बसवलेला, शरीरात शिरणारा सबंध तुकडा निराळा. माझ्या समजुतीने पुढच्या सगळ्या अर्थांची किल्ली इथेच आहे. अणी, टोक, अग्र हे शब्द बाणाच्या बाजूने दिलेले आहेत. ते बाण भात्यात असतानाही खरे असतात. शल्य हा शब्द हळूहळू जखमेच्या बाजूने वापरला जाऊ लागला. दांडा ओढून काढला तरी आत मोडून राहते ते शल्य. टाचेत काटा मोडतो तेव्हा हे सहज कळते : वरचा काटा हातात येतो, जखमेचे तोंडही मिटते, पण पाऊल टेकवले की आतला कण आपले अस्तित्व कळवतो.

हा बदल पूर्ण झालेला दिसतो तो सुश्रुतसंहिता या शस्त्रवैद्यकाच्या प्राचीन ग्रंथात. सुश्रुताने हा शब्द वेगाने जाणे या अर्थाच्या 'शल्' धातूपासून सांगितला आहे. ही व्युत्पत्ती बाणाला शोभते, पण त्याने केलेली व्याख्या मात्र वेगाची नाही. ती पीडेची आहे. मनाला आणि शरीराला बाधा करणारी ती शल्ये, असे तो म्हणतो. मन हा शब्द तिथे शरीराच्या आधी आला आहे. मग तो शल्याचे दोन प्रकार करतो : शरीरातच उपजलेले आणि बाहेरून आलेले. दात, केस, नखे, बिघडलेले दोष हे पहिल्या प्रकारात येतात. लोखंड, बांबू, लाकूड, गवत, शिंग, हाड यांचे तुकडे दुसऱ्या प्रकारात. एवढा विस्तार केल्यावर तो पुन्हा बाणाकडे वळतो आणि त्याची कारणे देतो : बाण चुकवता येत नाही, त्याचे तोंड बारीक असते आणि तो दुरून काम करतो, म्हणून या विषयात मुख्य विचार बाणाचाच करायचा. बाणही दोन तऱ्हांचे : कर्णी, म्हणजे मागे वळलेले कान असलेला, आणि गुळगुळीत. कर्णी बाण ओढला की त्याचे कान मांसात अडकतात. वैद्याची सारी परीक्षा तिथे असते.

आत हरवलेले शल्य शोधण्याची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. शल्य त्वचेत लपले असेल तर ती जागा तेल लावून शेकावी, मग तिथे माती, उडीद, जव, गहू, शेण यांनी चोळावे. जिथे लाली येईल किंवा दुखेल तिथे शल्य आहे असे समजावे. नाहीतर त्या भागावर थिजलेले तूप लावावे किंवा चंदनाचा लेप द्यावा. शल्याच्या उष्णतेने ज्या जागी तूप लवकर पाघळेल किंवा लेप आधी सुकेल, ती जागा शल्याची. कातडीवर पसरलेल्या तुपाचा एक ठिपका आधी वितळतो आणि वैद्याचे बोट तिथे थांबते, हे चित्र मी एकदा वाचल्यापासून विसरू शकलेलो नाही. हाडात रुतलेल्या आणि हाताने न निघणाऱ्या बाणासाठी तर त्याने सांगितले आहे की, रुग्णाला नीट बांधून बाण दोरीने घोड्याच्या लगामाच्या कडीला जोडावा आणि घोड्याला असे हाकावे की तो झटक्याने मान वर करील. किंवा झाडाची फांदी वाकवून तिला दोरी बांधावी आणि फांदी सोडून द्यावी.

शल्य बाहेर काढण्याचे एकूण 15 उपाय सुश्रुत मोजतो. पिकू देणे, चिरणे, दाबणे, धुणे, चोखणे यांसारखे उपाय सांगत तो अयस्कांतापर्यंत, म्हणजे लोहचुंबकापर्यंत येतो, आणि यादीतला शेवटचा, पंधरावा उपाय लिहितो : हर्ष. अनेक कारणांनी हृदयात निर्माण झालेले शोकाचे शल्य हर्षाने काढावे, असे त्याचे म्हणणे आहे. आपण विचारले आहे की बाणाचे टोक मनात कसे पोहोचले. शस्त्रवैद्याच्या ग्रंथातच ते पोहोचलेले आहे, आणि तेही अलंकार म्हणून नव्हे, तर उपचाराच्या यादीत, लोहचुंबकाच्या शेजारी.

महाभारतात विदुर धृतराष्ट्राला हेच उलट्या बाजूने सांगतो. कर्णी, नालीक, नाराच हे बाण शरीरातून काढता येतात. वाणीचे शल्य मात्र काढता येत नाही, कारण ते हृदयात वस्ती करते. जैन आचार्यांनी माया (कपट), मिथ्यात्व (खोटी श्रद्धा) आणि निदान (व्रताच्या मोबदल्यात भोगांची इच्छा) ही तीन शल्ये मानली, आणि तत्त्वार्थसूत्राने 'निःशल्यो व्रती' असे लक्षण केले; आत काही रुतलेले नाही तोच व्रती. पाली ग्रंथांत बुद्धाला 'सल्लकत्त', म्हणजे शल्य काढणारा वैद्य, असे म्हटले आहे.

या पाली शब्दातले 'सल्ल' आपल्या ओळखीचे वाटले असेल. शल्य या शब्दाचे ते प्राकृत रूप. त्यातूनच आपला 'सल' आला आणि 'सलणे' हे क्रियापदही आले. भल्लचा भाला झाला, गल्लचा गाल झाला, त्या न्यायाने सल्लचे 'साल' व्हायला हवे होते, पण मराठीने इथे ऱ्हस्व स्वरच ठेवला. अशा रीतीने एकच शब्द मराठीत दोन वाटांनी नांदतो : पंडितांकडून आलेले शल्य आणि लोकांच्या तोंडून घडत आलेला सल. काटा सलतो, अपमान सलतो. शेवटची भेट झाली नाही, हे शल्य राहून जाते. शल्य म्हणताना आज कोणाच्याही डोळ्यांपुढे बाण येत नाही, पण त्याच्यासोबत येणारी क्रियापदे पाहावीत : शल्य बोचते, टोचते, उरात रुतून बसते. नाम बाणाला विसरले आहे. क्रियापदे विसरलेली नाहीत.

प्रश्न : मद्रदेशाचा राजा शल्य याचे नाव याच शब्दावरून आले काय? त्याने कर्णाला टोचून बोलून हैराण केले, म्हणून हे नाव पडले असे ऐकले आहे.

उत्तर : शब्द तोच आहे, कारण मात्र ते नाही. शल्य हा माद्रीचा भाऊ, म्हणजे नकुल-सहदेवांचा मामा. कर्णाचे सारथ्य त्याच्याकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून महाभारतात त्याचे नाव शल्यच आहे. शस्त्राचे नाव क्षत्रियाला शोभणारे, एवढे म्हणणे पुरेसे आहे. दुर्योधनाने वाटेत केलेल्या पाहुणचारात गुंतून तो कौरवांच्या बाजूला गेला, आणि कर्णाचा तेजोभंग करण्याचे वचन त्याने युधिष्ठिराला दिले, हे कथेतच आहे. ज्या पक्षासाठी तो लढला त्याच पक्षाच्या वीराला तो आतून टोचत राहिला, त्यामुळे नाव आणि वागणूक इतकी जुळली की, नाव मागाहून ठेवले असावे असे लोकांना वाटले. कर्णानंतर तो सेनापती झाला आणि युधिष्ठिराच्या हातून पडला. महाभारताचे नववे पर्व त्याच्या नावाचे आहे.

याच शब्दाचा एक धागा रानातही गेला आहे. साळू किंवा साळिंदर या प्राण्याला संस्कृतात शल्यक म्हणतात. तो काटे फेकून मारतो हा समज खरा नाही. तो शत्रूकडे पाठ करून मागे धावतो आणि त्याचे सैल बसलेले काटे शत्रूच्या अंगात घुसून तिथेच राहतात. टोचून मागे राहणारी वस्तू ती शल्य, हा अर्थ या प्राण्याइतका नेमका कोणी दाखवला नसेल. लोखंडाची सळई मात्र या कुळातली समजू नये. ती 'शलाका' या शब्दापासून आली आहे, आणि सुश्रुताने डोळे, कान, नाक, मुख यांच्या रोगांसाठी शलाका वापरण्याच्या शाखेला शालाक्य असे वेगळे नाव दिले आहे.

प्रश्न : शस्त्रक्रिया आणि शल्यक्रिया यांत फरक करावा काय?

उत्तर : आजच्या वापरात दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात आणि त्यात चूक नाही, 'जिल्हा शल्यचिकित्सक' हे पदनाम सर्वांच्या परिचयाचे आहे. मुळात मात्र शस्त्रक्रिया हे नाव साधनावरून पडले आहे आणि शल्यचिकित्सा हे नाव जे बाहेर काढायचे त्यावरून. सुश्रुताने गवत, लाकूड, दगड, लोखंड यांच्या तुकड्यांपासून पोटात अडकलेल्या गर्भापर्यंत सारे बाहेर काढण्याच्या विद्येला शल्यतंत्र म्हटले, आणि आयुर्वेदाच्या आठ अंगांत तिला पहिले स्थान दिले, कारण घावाच्या जखमा भरून काढण्याचे काम सर्वांत आधीचे आहे. कापणारी शस्त्रे त्याने 20 सांगितली, पण शल्य बाहेर काढण्याची यंत्रे 101. त्यांपैकी हाडात रुतलेले शल्य काढण्यासाठी 18 अंगुळे लांबीचे 24 चिमटे आहेत, सिंह, वाघ, लांडगा, अस्वल आणि निरनिराळे पक्षी यांच्या तोंडांच्या आकाराचे. त्यांत बगळ्यासारख्या लांब चोचीचे कंकमुख यंत्र त्याने श्रेष्ठ मानले, कारण ते खोल जाते, शल्याला घट्ट धरते आणि सहज परत येते. तरीही या 101 यंत्रांत सर्वांत प्रधान यंत्र त्याने सांगितले आहे ते वैद्याचा हात.